बाण फळीवर होता

आमच्या दाजींना गाड्यांच्या दोनच जाती मान्य आहेत: पाणी पिणाऱ्या आणि न पिणाऱ्या. पहिल्या जातीकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. दुसरी जात म्हणजे ती गोल पाठीची, फुगीर डोळ्यांची जुनी गाडी. तिचं इंजिन मागे असतं, सामान पुढे ठेवायचं असतं, आणि ती नुसत्या वाऱ्यावर थंड होते. चाळीसहून जास्त वर्षं दाजींनी फक्त ही एक जात सांभाळली. मी त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. मी चौतीस वर्षं पाणीपुरवठा कार्यालयात नकाशे सांभाळले. "आपलं जमायचं कसं, मेहुणे?" ते म्हणतात. "तुमचा जन्म गेला पाण्यात, आणि माझ्याकडे पाण्याचा थेंब चालत नाही."

मला गाडीतलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बरंच काही सांगणार आहे.

निवृत्त झालो तेव्हा कार्यालयाने मला माझीच फिरती खुर्ची भेट दिली. तिचं एक चाक करकरतं, म्हणून बायकोने ती घरात घेतली नाही. मी ती दाजींच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवली आणि तिच्या मागोमाग मीही रोज जाऊ लागलो. गॅरेज म्हणजे लांबट शेड, पुढे लोखंडी शटर, मागे एक खिडकी, आणि मधल्या जागेत एका वेळी दीड गाडी मावते. दाजींचा सगळा कारभार पसाऱ्यातला. एक पाना दाराशी, त्याचा जोडीदार खिडकीत, नट चहाच्या कपात आणि चहा नटांच्या डब्यात. मला पसारा बघवत नाही. ते जेवायला घरी गेले की मी आवरतो. पाने आकाराप्रमाणे लावतो, चिंध्यांच्या घड्या घालतो. ते परत आले की कपाळाला हात लावतात. "मेहुणे, माझ्या वस्तू मला पसाऱ्यात सापडतात, तुमच्या शिस्तीत नाही." मी ऐकत नाही. तेही दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं विस्कटतात. असं आमचं छान चाललं होतं.

मग ती दातांची डॉक्टर आली. गाडी तीच, गोल पाठीची, फिकट निळी.

"पुढचं नाक खाली करून हवंय," ती म्हणाली.

"खाली गेलंय, वर करून हवंय," दाजींनी तिचं वाक्य दुरुस्त केलं.

"नाही. खाली."

दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बाई तीच होती आणि म्हणणंही तेच होतं. मी आयुष्यात कोणाला गाडी ठेंगणी करा म्हणताना ऐकलं नव्हतं. रस्त्यावरचे खड्डे बघता माणसाने गाडीला शिडी लावायला हवी.

तिने पर्समधून एक फोटो काढला. कुरळ्या केसांचा एक तरुण ह्याच गाडीला टेकून उभा होता आणि गाडीचं नाक जवळजवळ जमिनीला टेकलं होतं, दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखं. "हे बाबा," ती म्हणाली. "त्यांनी हौसेने करून घेतली होती तशी. मग मी झाले. आई म्हणाली, ह्या गाडीत हादरे बसतात, मी बाळाला घेऊन बसणार नाही. बाबांनी लगेच परत वर करून घेतली. कधी कुरकुर केली नाही. आता पंधरा दिवसांनी, रविवारी, त्यांना ऐंशी पूर्ण होतील. मला वाटतं, एकदा ती तशी परत द्यावी त्यांना."

"फोटो बघून खूश होतील की," मी म्हटलं.

"त्यांना आता दिसत नाही फारसं."

"मग गाडी तरी कशी दिसणार?"

ती माझ्याकडे बघतच राहिली, आणि दाजींनीही माझ्याकडे असं बघितलं की मी उठून चिंध्यांच्या घड्या घालायला लागलो. "हात लावून कळेल त्यांना," ती म्हणाली. दाजी म्हणाले, "ठेवून जा."

आता हे काम काय असतं ते मला कळलं तेवढं सांगतो. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये एक बीम असतो, म्हणजे दोन जाड नळ्या, एकीच्या वर एक. प्रत्येक नळीत पोलादी पट्ट्यांचा जुडगा असतो. तो मधोमध स्क्रूने घट्ट धरलेला असतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांना चाकांचे हात. चाक खड्ड्यावर उचललं गेलं की पट्ट्या पिळल्या जातात आणि पुन्हा सरळ व्हायला बघतात. हीच ह्या गाडीची स्प्रिंग. नाक खाली आणायचं तर बीम सोडवायचा, पट्ट्या काढायच्या, नळीचा मधला तुकडा कापायचा, थोडा फिरवायचा आणि त्याच जागी वेल्डिंग करून टाकायचा. थोडा म्हणजे अगदी थोडा.

"आणि उलटा फिरवला तर?" मी विचारलं होतं.

"तर नाक आभाळात," दाजी हसून म्हणाले. "पण उलटा कोण फिरवेल, मेहुणे?"

बीम सोडवला की सगळ्या दिशा बदलतात. गाडीत उभा असलेला बीम बाकावर आडवा होतो, पुढची बाजू छताकडे येते. म्हणून दाजींची एक पद्धत आहे, त्यांच्या उस्तादांनी लावून दिलेली. किती फिरवायचं ते माप नळीवर सुईने ओरखडून घ्यायचं. कुठल्या बाजूला फिरवायचं, तो बाण मात्र बाकाच्या फळीवर खडूने काढायचा. वेल्डिंगच्या आधी नळी पेट्रोलने पुसतात, तिच्यावरचा खडू राहत नाही, फळीवरचा राहतो. चाळीस वर्षं ते ह्या बाणावर काम करत आले.

दिशेच्या बाबतीत दाजी इतके काटेकोर का, हे फक्त ताईला आणि मला माहीत आहे. त्यांचे वडील पोस्टमन होते. आख्ख्या भागातलं एकही दार त्यांना अनोळखी नव्हतं. एके दिवशी त्यांनी शेजारच्या घराचं पत्र समोरच्या घरात टाकलं. सगळे हसले, तेही हसले. मग चपला उलट्या पायांत जाऊ लागल्या. मग एक दिवस ते स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते की घर डाव्या हाताला की उजव्या. शेवटी त्यांना हात कुठला तेही कळेना. दाजींनी त्याच वर्षी ताईला सांगून ठेवलं होतं: "माझ्या हातून दिशेची चूक झाली ना, की त्या दिवशी शटर खाली. माझ्या बोल्टांवर लोक बायकापोरं घेऊन जातात." ताई म्हणायची, काहीतरीच तुमचं. पण तिने ते विसरल्याचं मी कधी पाहिलं नाही.

तर बीम सुटला. शेडच्या मधोमध गुडघ्याइतक्या उंचीचं एक लाकडी बाक आहे, त्यावर तो आडवा ठेवला. एका बाजूला दाजींचं स्टूल, दुसऱ्या बाजूला माझ्या खुर्चीकडे जायची वाट. दाजींनी स्टुलावर बसून फळीवर बाण काढला. बाणाचं टोक स्वतःकडे. "वरची बाजू माझ्याकडे फिरली की नाक खाली," असं स्वतःशी म्हणत त्यांनी बीमवर दोन पोती पांघरली, धूळ बसू नये म्हणून, आणि ते जेवायला घरी गेले. मी नेहमीसारखी आवराआवर केली. येता-जाता माझी पँट गुडघ्याशी अडकून टरकली होती, म्हणून जरा चिडूनच केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्त मधल्या भागावरचं पोतं सरकवलं, कापलं, फिरवलं, वेल्डिंग केलं. दोन्ही नळ्या. मी तोंड फिरवून वर्तमानपत्र वाचत होतो, कारण त्या उजेडाकडे बघायचं नसतं. मग पट्ट्या परत आत गेल्या, बीम गाडीखाली गेला, चाकं लागली. सोमवारी दुपारी दाजींनी जॅक हळूहळू सोडला.

गाडी खाली आली आणि मधेच थांबली. मला वाटलं जॅक अडकला. जॅक तर बाजूला पडला होता. टायर आणि मडगार्ड ह्यांच्यामध्ये आधी चार बोटं जागा होती, तिथे आता आख्खी वीत मावत होती. नाक वर करून ती गाडी छताकडे बघत होती.

दाजी गुडघ्यांवर बसले. त्यांनी फटीत हात घातला. बाहेर काढला, परत घातला. मग मला विचारलं, "मेहुणे, ही वर आहे की खाली?"

मला वाटलं चेष्टा करतायत. त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. ते खरंच विचारत होते.

"वर," मी म्हटलं.

ते उठून बाकाशी गेले. बाण तसाच होता, टोक स्टुलाकडे. "बाणाप्रमाणेच फिरवलं," ते म्हणाले. "मला आठवतंय. वरची बाजू माझ्याकडे." त्यांनी हवेत हात फिरवून बघितला, एकदा असा, एकदा तसा. तिसऱ्यांदा हात मधेच थांबला. "म्हणजे बाणच उलटा काढला मी," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले. "बाबांचं असंच सुरू झालं होतं."

मी पुष्कळ बोललो. एखादी चूक कोणाच्याही हातून होते, वगैरे. ते ऐकत होते की नाही, कळलं नाही. त्यांनी डॉक्टरला फोन केला, काम बिघडलं, दुसरीकडे न्या म्हणाले. ती म्हणाली, दुसरं कोण करतं हे? मी शनिवारपर्यंत थांबते. शटर ओढलं, किल्ल्या माझ्या हातात दिल्या. "तुमची खुर्ची घरी घेऊन जा," म्हणाले.

पुढचे तीन दिवस मला आठवायलाही नको वाटतात. दाजी घरी बसून ताईला मटार सोलून देत होते. न मागता, न बोलता, ढीगच्या ढीग. कोणावर ओरडणं नाही, टोमणा नाही. चहात साखर जास्त झाली तरी मुकाट्याने प्यायले. मधेच आरशासमोर उभे राहायचे आणि डावा हात वर करायचे, मग उजवा. आरशात तर डाव्याचं उजवं दिसतं, त्यामुळे ते आणखीच गोंधळायचे. एकदा ताईला विचारलं, "आपल्या दाराची कडी कुठल्या बाजूला सरकते?" ताई म्हणाली, उजव्या. मी म्हटलं, डाव्या. मग आम्ही तिघंही दाराशी जाऊन उभे राहिलो आणि कळलं की आतून एक आणि बाहेरून दुसरी. तीन दिवसांत आमचं सगळ्यांचंच डावं-उजवं गेलं. ताई ओट्याशी पाठ करून उभी राहायची, आणि तिची पाठ बघून मला कळायचं की तिला जेवायलासुद्धा बसावंसं वाटत नाहीये.

मला काहीच सुधरत नव्हतं. माणूस एका दिवसात असा कसा बदलतो? काल-परवापर्यंत नटाचा आवाज ऐकून त्याचा नंबर सांगणारा माणूस. की तो आधीच बदलत होता आणि मी समोर बसून, रोज बसून, वर्तमानपत्र वाचत होतो?

गुरुवारी सकाळी ताईने माझी पँट शिवून माझ्या हातात दिली. "कुठं फाडलीस एवढी?"

"त्या बीममध्ये," मी म्हटलं. "त्याला शॉकॲब्सॉर्बर अडकवायची दोन शिंगं असतात ना, ती नेमकी माझ्या वाटेत आली होती. म्हणून तर मी तो फिरवून शिंगं पलीकडे..."

वाक्य पुरं झालं नाही. माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणतात तसं झालं.

मी चौतीस वर्षं नकाशे सांभाळले. टेबलावरचा नकाशा कसाही फिरवा, उत्तर दिशेचा बाण त्याच्याबरोबर फिरतो, कारण बाण नकाशावर छापलेला असतो. त्यामुळे चौतीस वर्षांत मी हजारदा नकाशे फिरवले आणि काही बिघडलं नाही. इथे बाण फळीवर होता. मी वरची वस्तू फिरवली, बाण राहिला तिथेच. शिंगं पलीकडे गेली, पोती पुन्हा नीट पांघरली, आणि वाट मोकळी झाली म्हणून मी स्वतःवर खूश होऊन खुर्चीत बसलो होतो. नंतर मला ते आठवलंसुद्धा नाही. मी रोज पंचवीस वस्तू इकडच्या तिकडे करतो, त्यातली ती एक.

दाजी गॅलरीत मटार सोलत होते. मी समोर उभा राहिलो आणि सांगितलं. सगळं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "तुमच्या ताईने शिकवलं?"

"नाही हो!"

"मेहुणे, तुम्ही मनाने फार चांगले आहात." आमच्या इतक्या वर्षांच्या नात्यात ते मला पहिल्यांदाच चांगलं म्हणाले, आणि मला रडू फुटायचं बाकी राहिलं. "पण तीस किलोचा बीम तुम्ही एकट्याने फिरवला? तुम्हाला चहाची किटली दोन हातांनी उचलावी लागते."

"उचलला नाही. खुर्चीवर घेतला. खुर्ची बाकाला लावली, बीम तिच्यावर सरकवला, खुर्ची गर्रकन फिरवली आणि परत बाकावर ढकलला."

हे ऐकून त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. पण मान त्यांनी नकारार्थीच हलवली. खोटं बोलणाऱ्या माणसाला जेवढं सुचतं तेवढं मला कधी सुचत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी विश्वास बसत नव्हता. बरं वाटावं म्हणून कोणी सांगितलेली गोष्ट आणि खरी गोष्ट, दोन्ही त्यांना सारख्याच दिसत होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यात एकदा मी एवढी मोठी चूक केली आणि ती कोणी माझ्या नावावर लावायला तयार नाही!

"चला," मी म्हटलं. "गॅरेजमध्ये चला. ताई, तूही चल."

खुर्ची मी घरी नेली नव्हती, ती तिथेच होती. तिच्यावर नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र अंथरलेलं. नेहमीप्रमाणे म्हणजे त्या दुपारपासून, कारण तेव्हा बैठक काळी झाली होती आणि मला डाग बघवत नाही. मी कागद उचलला. करड्या कापडावर ग्रीसचे दोन काळे पट्टे होते, सरळ, एकमेकांना समांतर. पुरावा मी इतके दिवस बुडाखाली घेऊन बसलो होतो.

दाजी वाकले. पट्ट्यांना बोट लावलं, बोटाचा वास घेतला. मग खिशातून पोलादी पट्टी काढून दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजलं. तसेच गाडीखाली शिरले. आम्हाला फक्त त्यांचे पाय दिसत होते. ताईने माझा दंड धरला होता आणि तिची नखं रुतत होती. खाली पट्टीचा लोखंडाला लागल्याचा आवाज झाला. मग पुन्हा एकदा पट्टी वाजली. दुसऱ्यांदा मोजत होते.

ते बाहेर आले ते लालबुंद होऊनच.

"तुला हात लावायला सांगितला कोणी?" ते गरजले. ते मला रागातसुद्धा तुम्ही म्हणतात, पण त्या दिवशी थेट तू. "आख्ख्या शेडमध्ये तुला फिरवायला दुसरं काही दिसलं नाही? पाने लावतोस, लाव! चिंध्या धुतोस, धू! कापायला ठेवलेला बीम फिरवतोस? आणि फिरवतोस तर फिरवतोस, वर पांघरूण घालून ठेवतोस? बाळ निजवलं होतंस का तिथे? तीन दिवस! तीन दिवस मी मटार सोलतोय! जन्मात पुन्हा मटार खाणार नाही मी!"

आणखी बरंच बोलले. पाणीपुरवठा कार्यालयाचाही उद्धार झाला. तेवढ्यात मागून विचित्र आवाज आला. ताई स्टुलावर बसून, दोन्ही हातांनी तोंड झाकून, रडत होती.

दाजी मधेच थांबले. "आता हिला काय झालं?"

"काही नाही," ताई हातांच्या आडून म्हणाली. "तुम्ही ओरडा."

त्याच दुपारी बीम पुन्हा उतरवायला घेतला आणि शुक्रवारी सकाळी तो बाकावर आला. दाजी स्टुलावर बसले, खडू उचलला, फळीवर टेकवला. आणि तसेच बसून राहिले. मला वाटलं, विचार करतायत.

"शिंगं," ते म्हणाले.

"काय?"

"तुम्ही फिरवलं, मान्य. म्हणजे शिंगं तुमच्या वाटेतून निघून माझ्याकडे आली. मी ह्या स्टुलावर दोन तास काम केलं, मेहुणे. माझं कोपर त्या शिंगावरच टेकलेलं असणार. मला कसं कळलं नाही?"

"पोती होती," मी म्हटलं.

"पोती होती," ते म्हणाले. "पोत्याखालचं शिंग मला कळत नाही?"

सवयीचा माणूस बाण बघतो आणि बाकी काही बघत नाही, असं मी स्वतःला समजावतो. कधी पटतं, कधी पटत नाही. चूक माझी होती हे सिद्ध झालं म्हणून मला जे हायसं वाटलं होतं, ते त्या एका प्रश्नाने निम्मं गेलं.

मग दाजींनी फळीच्या एका टोकाला बाण काढला आणि त्यावर चिंधी टाकली. खडू माझ्यापुढे धरला. "तुम्ही दुसऱ्या टोकाला काढा. माझा बघायचा नाही."

"मी? मला ह्यातलं काय कळतं?"

"नकाशा कळतो ना? वरची नळी कुठली, ती शिंगांवरून ओळखा. पुढची बाजू छताकडे आहे. चाकांचे हात मागे जातात, ते वर उचलायचेत. म्हणजे नळी कुठे फिरेल?"

मी डोळे मिटून गाडी उभी केली, आडवी केली, परत उभी केली. घाम फुटला. शेवटी बाण काढला. दाजींनी चिंधी उचलली. दोन्ही बाणांची टोकं एकाच बाजूला होती. त्यांनी मान हलवली आणि करवत उचलली.

रविवारी आम्ही गाडी डॉक्टरच्या दारात नेऊन उभी केली. आखूड शॉकॲब्सॉर्बर, नाक जमिनीला. वाटेत प्रत्येक खड्ड्याला दाजी "आई गं" म्हणत होते, जणू त्यांच्याच कमरेला लागत होतं. म्हाताऱ्यांना मुलगी हाताला धरून बाहेर घेऊन आली. त्यांनी सवयीने हात पुढे केला, जिथे मडगार्ड असायचं तिथे. हाताला हवाच लागली. ते गोंधळले. "गाडी कुठंय?" म्हणाले. हात हवेत चाचपडत खाली गेला, आणखी खाली, वाकावं लागलं, आणि मग तळवा पत्र्याला टेकला. तिथेच राहिला.

"अरे," ते म्हणाले. "आई रागावेल तुझी."

मुलगी हसत होती आणि डोळे पुसत होती. दाजी लांब फाटकाशी उभे राहून आधीच स्वच्छ असलेले हात चिंधीला पुसत होते.

ह्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून दिशेचं कुठलंही काम असलं की फळीवर दोन बाण निघतात, एक त्यांचा आणि एक माझा, चिंधीखाली. जुळले तरच करवत. ताईला आम्ही ह्याबद्दल काही सांगितलेलं नाही, पण ती रोज संध्याकाळी मला सहज विचारल्यासारखं विचारते, "आज काय, जुळलं का?" आणि मी म्हणतो, "जुळलं." कानाला खडा लावलाय, बाकाला धक्कासुद्धा लावत नाही.

गेल्या मंगळवारी चिंधी उचलली आणि बाणांची टोकं विरुद्ध बाजूंना होती.

दाजींनी एकदा त्यांच्या बाणाकडे बघितलं, एकदा माझ्या. "कोणाचा चुकला?" ते अगदी हळू म्हणाले. मी डोळे मिटून गाडी उभी केली, आडवी केली, आणि मला काहीच दिसेना. दाजी उठले. गाडीशी गेले, गुडघे टेकून खाली बघितलं, परत बाकाशी आले, शिंगांना हात लावला. पुन्हा गाडीशी गेले. शेडमध्ये फक्त त्यांच्या चपलांचा आवाज होता. तिसऱ्या फेरीला ते माझ्या बाजूला येऊन थांबले आणि त्यांनी माझा बाण अंगठ्याने पुसून टाकला.

मी परत तपासलं. तीनदा तपासलं. माझाच चुकला होता, अगदी बावळटासारखा. मी वरची नळी खालची धरून चाललो होतो. आयुष्यात कुठल्याही चुकीचा मला इतका आनंद झाला नव्हता.

"मेहुणे," दाजी करवत उचलत म्हणाले, "तुमचं आता वय झालं."

मी नुसती मान हलवली.